काठावरची भाकणूक

बारामती
१२ फेब्रुवारी १९९८

मल्हारदादाला सिद्धूचा रामराम.

पत्र वहिनीच वाचणार, म्हणून आधी त्यांना नमस्कार. वहिनी, दादा मधेच उठून मेंढरांकडं निघाला तर निघू द्या, पण राहिलेलं संध्याकाळी पुन्हा वाचा. छकुलीला पापा.

मागची पत्रं भोरच्या किराणा दुकानाच्या पत्त्यावर टाकली होती. उत्तर नाही. दुकानदार तुमच्यापर्यंत पोचवत नसेल, असं मी धरून चाललोय. दुसरं काय धरू? माझ्या वाटणीची मेंढरं विकून मी कॉम्प्युटर घेतला ते तुला बोचलं. निघताना तू सगळ्यांदेखत म्हणालास, "मेंढरू इकून डबडं आणलं. त्ये डबडं इनार हाय का?" सगळी वाडी हसली. मीही हसलो, नंतर एसटीत बसल्यावर नाही हसलो. एसटीत एक इंदापूरचा डाळिंबवाला शेजारी होता, त्यानं डाळिंब सोलून दिलं, ते असू दे.

धंद्याचं सांगतो. रणजित म्हणून माझा दोस्त आहे, त्याचं केबल आहे. आपल्या गावात पण घराघरात त्याची वायर गेलीय. त्यानं पिक्चर लावला की पडद्याच्या खालून जाहिरातीची पट्टी पळते, ती पट्टी मी बनवतो. आवाजाच्या जाहिराती पण करतो. कॉम्प्युटरमध्ये आवाज घेता येतो, कापता येतो, जोडता येतो. पण गिऱ्हाईकं फार हलकी दादा. चपलांचं दुकान, रसवंती, सलून. रसवंतीवाला पैशाच्या जागी रस पाजतो. चपलवाला म्हणतो, "जाहिरातीच्या शेवटाला आमच्या बारक्याचा वाढदिवस पण टाक की, तुझं काय जातंय?" एवढं करून महिनाअखेर म्हणतो, "जाहिरात बगून एक बी आला न्हाय."

रणजित म्हणतो, "असली शंभर धरण्यापरीस एक मोठं धर. मोठं गिऱ्हाईक घासाघीस करत न्हाय, त्ये फक्त काम सांगतं." मी आता मोठं शोधतोय. इस्त्रीचा शर्ट घेतलाय.

तुझा सिद्धू


बारामती
९ मार्च १९९८

दादा,

मिळालं! मोठं गिऱ्हाईक मिळालं. वहिनी, हे जरा जोरात वाचा.

आधी सगळीकडं फिरून आलो. मार्केट यार्डात गेलो, ट्रॅक्टरच्या शोरूमला गेलो, सोमेश्वरनगरला एका पाइपवाल्याकडं गेलो. तिथं साखर कारखान्यावर दोन सीझन काम केलेलं, ओळखीचे भेटले, दोन दिवस तिथंच मोडले. सगळीकडं मी म्हणायचो, "जाहिरात देता का?" अन् सगळीकडं चहा पिऊन बाहेर. मग डोक्यात आलं की मागायला गेलेल्याला माणूस भिकाऱ्यासारखंच बघतो. त्याचं काय अडलंय ते आपण सांगितलं तर तो खुर्ची देतो.

इंदापूरला शंभूराज साहेब म्हणून आहेत. संगमतीर फार्म्स म्हणून कंपनी आहे त्यांची. नरसिंहपूरच्या अलीकडं नीरेच्या काठाला जमीन घेतलीय, प्लॉट पाडलेत, चुना मारलेले दगड रोवलेत. पुण्याची माणसं गाड्या घेऊन येतात, बघतात, खूश होतात, अन् जातात ती जातातच. मी ऑफिसात गेलो, जाहिरातीचं अक्षर काढलं नाही. म्हणालो, "साहेब, तुमचं गिऱ्हाईक प्लॉटवर तुटत नाही. ते परत जाताना चहाच्या टपरीवर थांबतं, तिथं तुटतं. ते विचारतं, हितं पुराचं पाणी येतं का? टपरीवाला म्हणतो, मोप येतं."

शंभूराज साहेबांनी फोन खाली ठेवला. मला बस म्हणाले.

"मग? टपरीवाला बदलू?"

"टपरीवाला बदलून काय उपयोग? तो ज्याचं ऐकतो त्याला गाठलं पाहिजे."

"तो कुणाचं ऐकतो?"

मी एक कल्पना दिली. ती भेटल्यावर सांगेन. साहेब हसले नाहीत, दर विचारला नाही, म्हणाले, "कर." रणजित म्हणाला होता तसंच झालं.

तोवर सुरुवात म्हणून भिंती रंगवल्या. नदीकडच्या शाळेची भिंत लांबलचक मिळाली. तिच्यावर जुन्या पुराच्या पाण्याची निळी रेघ मारलेली होती, माझ्या खांद्याच्या वर येईल एवढी. तिच्यावरून पांढरा हात मारला आणि वर झोकात लिहिलं, 'संगमतीर, नदीच्या कुशीत आपलं घर'. कुशीत हा शब्द माझा. साहेबांना आवडला.

तू काहीतरी लिहीत जा. शिव्या लिहिल्यास तरी चालतील.

सिद्धू


बारामती
१६ एप्रिल १९९८

दादा,

बिरोबाची जत्रा झाली. तुम्ही कोकणाच्या अंगाला, म्हणून तुम्हाला आपल्या आबांची भाकणूक ऐकायला मिळाली नाही. एरवी तुम्हाला ती कुणाच्या तरी तोंडून यायची, यंदा आबांच्याच आवाजात येतेय. पत्रासोबत कॅसेट आहे. आपला भिमा कळप घेऊन तिकडं निघालाय, त्याच्या हाती देतोय.

जत्रेला लाउडस्पीकर आमचा, रेकॉर्डिंग आमचं, आणि केबलवर दाखवायचा खर्च संगमतीर फार्म्सचा. ढोल सुरू झाले, आबांच्या अंगात आलं, आणि भंडाऱ्यात माखलेले आबा उभे राहून बोलायला लागले. पाऊस कुठं, रोग कुठं, मेंढरू कुठं सुखी. तुला आठवत असेल, आधी चार जाणती माणसं एकदम पुढं उभी राहायची, एकेक शब्द कानात धरायची आणि नंतर वाडीला सांगायची. कारण आबा स्वतः ते परत बोलत नाहीत. देवानं बोलवलेलं माणसानं आपल्या तोंडानं पुन्हा उच्चारायचं नाही, पुढच्या जत्रेपर्यंत. यंदा ती चार माणसं गप्पा मारत बसली होती. मी म्हणालो, "पुढं व्हा की." तर एकजण म्हणाला, "आता कशाला कान टवकारायचं? उद्या टीव्हीवर लागणारच हाय की, घरात बसून ऐकू."

दुसऱ्या दिवशी लागलं. घराघरात लागलं. टपरीवर तर दिवसभर कॅसेट चालू होती. मी कॉम्प्युटरवर आवाज साफ केला होता, खोकला काढला, ढोल कमी केले, थोडी कापाकापी केली. कॉम्प्युटरवर आवाज दिसतो दादा, डोंगर अन् दऱ्या, डोंगर अन् दऱ्या. नको तो डोंगर उचलून टाकला की बाजूचे दोन येऊन चिकटतात, सांधा दिसत पण नाही.

म्हातारी तानूबाई तेवढी टपरीसमोर थबकली आणि म्हणाली, "काठाचं मला तर येगळंच ऐकू आलं व्हतं." टपरीवाला म्हणाला, "आजे, कान धुवून ये आधी." मोठा हशा झाला.

आता पुण्याची गाडी थांबली की टपरीवालाच सांगतो, "बिनघोर घ्या सायेब. देवाचा शब्द हाय."

शंभूराज साहेबांनी मला खांद्यावर हात ठेवून गेटपर्यंत सोडलं. तसा हात आजवर कुणी ठेवला नव्हता. इंदापूरचे आणखी दोघं बडे लोक मला शोधत आलेत. एक म्हणाला, "त्या म्हाताऱ्याच्या तोंडून आमच्या बियाण्याचं काय निघतंय का बग."

मी हसलो. तो हसत नव्हता.

सिद्धू


बारामती
४ जून १९९८

दादा, वहिनी,

वहिनी, तुमचं कार्ड मिळालं. तीन ओळी होत्या, मी किती वेळा वाचल्या ते सांगत नाही. 'कॅसेट ऐकली. हे डोळे मिटून बसले होते. आबा जवळ बसल्यासारखं वाटलं म्हणाले.' बास, एवढं पुरे मला.

एक काम निघालंय. शंभूराज साहेबांना प्लॉटवर हिरवळ पाहिजे आणि फोटो पाहिजेत, नदी, मेंढरं, फेटेवाला धनगर असे. ते म्हणाले, एखादा कळप पावसाळाभर आमच्या जमिनीवर बसव, जमिनीला खत होईल, धनगराला आम्ही धान्य देऊ. मी तुझं नाव सांगितलं. तू परतशील तेव्हा दारोदार शेतकऱ्याला विचारत फिरायला नको. दादा, एवढं माझ्याकडून घे. विकलेल्या मेंढरांचं देणं फिटलं म्हण.

आबांचं थोडं सांगायचंय. चारपाच दिवसांमागं ते टपरीवर आले होते. कॅसेट चालूच होती. आजवर कुणी मुद्दाम त्यांच्यासमोर लावली नव्हती. आबा उभ्याउभ्या ऐकत राहिले. काठाचं वाक्य आलं. मी आत बसलो होतो, बाहेर आलो नाही. आबांनी चहा तसाच फळीवर ठेवला आणि निघाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी नदीकडचं आपलं खोपटं मोडलं, वासे डोक्यावर घेतले आणि माळाला नेऊन उभं केलं. एकट्यानं. लोक विचारतात, "गेणबातात्या, देवानं काठाला लक्षुमी दिली, अन् तुमी माळावर कुठं निघाला दगडं खायाला?" आबा काहीच बोलत नाहीत. बोलणार कसे?

माळावर वारं बरं असतं, म्हणून गेले असतील. उन्हाळा फार आहे यंदा.

सिद्धू


बारामती
२१ जुलै १९९८

दादा,

तू आलास, काठाला तळ टाकलास, हे मला रणजितकडून कळलं. तुझ्याकडून नाही कळलं. वहिनींच्या कार्डात लिहिलंय, 'हे म्हणतात सिद्धूसाठी आलो नाही, आबांचा शब्द म्हणून आलो.'

दादा, माळावर चारा बरा आहे. दोनचार दिवस तिकडं मेंढरं ने. काठाला चिखल होतो, मेंढरांच्या खुरांत सडतं. छकुलीला पण खोकला होईल.

हे लिहिलं आणि पेन खाली ठेवून बाहेर गेलो. स्टँडवर भजी खाल्ली. दौंडच्या गाडीला बसावं वाटलं, तिथून कुठंही. तिकिटाच्या खिडकीपर्यंत गेलो होतो. परत आलो.

वहिनी, आता छकुलीला बाहेर पाठवा आणि मग वाचा.

जत्रेत आबा काय बोलले ते मी पूर्ण ऐकलंय. कानाला यंत्र लावून ऐकलंय. आबा बोलले, "माळावर चला. माळावर लक्षुमी नांदल. नीरंच्या काठावर पाणी पदर झाडील. काठ मोकळा ठिवा." मी 'नीरंच्या काठावर' एवढं ठेवलं आणि त्याच्यामागं 'लक्षुमी नांदल' आणून चिकटवलं. बाकीचं उडवलं. हीच ती माझी कल्पना. याच्यावर शंभूराज साहेब "कर" म्हणाले होते.

मला वाटलं, पुण्याचे चार श्रीमंत लोक फसतील, त्यांचं काय जातंय? आपल्या माणसांना तर नदी ठाऊकच आहे. तुझं नाव मी साहेबांना दिलं तेव्हा हे डोक्यात आलं नाही असं म्हणणार होतो. आलं होतं. पण तेव्हा वाटलं, एवढ्यात कुठं पूर येतोय, आणि दादा निदान माझ्या कामानं जवळ तरी येईल.

घाटात पाऊस धरलाय. तळ उठव.

सिद्धू


माळावरून, आबांच्या खोपटात
१९ ऑगस्ट १९९८

दादा,

आधीचं पत्र तू चुलीत घातलंस. वहिनींनी सांगितलं. हे पण घालणार असशील तर थांब, आधी बघ हे कुणी आणलंय.

परवा मी तुझ्याकडं आलो ते भांडायला नव्हतो आलो. तू कुत्री आवरली नाहीस, माझी पँट फाटली, ते असू दे. मी तुझ्यासमोर सगळं तोंडानं बोललो. तू काय केलंस? आत गेलास, टेपरेकॉर्डर आणलास, माझ्यासमोर ठेवून लावलास. आबांचा आवाज. "नीरंच्या काठावर लक्षुमी नांदल." तू विचारलंस, "ह्यो कोण बोलतोय? आबा का तू?"

"आबाच, पण—"

"मग आबा खोटं अन् तू खरा?"

"दादा, मी कापलंय त्ये. जोडलंय."

"कुठं जोडलंय? दाव."

मला दाखवता आलं नाही. सांधा दिसत नाही, हीच तर माझी हुशारी. आबांचं मूळचं बोलणं कॉम्प्युटरमध्ये होतं, ते मी एप्रिलमध्येच पुसलं. बियाण्याच्या जाहिरातीला जागा पाहिजे होती. तू म्हणालास, "मेंढरं इकलीस, आता बापाचा शब्द बी इकाय काढलास व्हय? तुजं गिऱ्हाईक मोडलं वाटतं, म्हणून मला उठवाय आलास." आणि मग म्हणालास, पुन्हा हितं पाय टाकलास तर भाऊ म्हणून बघणार नाही.

वहिनी तुझ्या पाठीमागं उभ्या होत्या. त्यांनी नदीकडं बघितलं. मी बघितलं की त्यांनी बघितलं.

तिथून मी इंदापूरला साहेबांकडं गेलो. म्हणालो, तुमची जमीन आहे, तुम्ही सांगा त्यांना उठायला. ते म्हणाले, "पाण्याची भीती म्हणून मीच कळप उठवला, असं टपरीवर गेलं तर? तूच शिकवलंस ना मला टपरीचं." खरंच मीच शिकवलं होतं. तलाठ्याकडं गेलो. तो म्हणाला, वरच्या धरणातनं पाणी सोडणार आहेत, दवंडी दिलीय. दवंडी मी ऐकली. दवंडीवाला टपरीपाशी आला तेव्हा टपरीवाला त्याला म्हणाला, "दरसाल वरडतोस. यंदा देव काय बोललाय त्ये म्हाईत हाय का?"

मग एकच जागा राहिली. चढून आबांकडं आलो.

आबा लोकर कातत बसले होते. मी बसलो आणि सगळं सांगितलं, पहिल्यापासून, शाळेच्या भिंतीसकट. वाटलं होतं हातातली काठी फेकून मारतील. कातणं थांबलं नाही. मी म्हणालो, "आबा, तुम्ही एकदा दादाला सांगा. फक्त एवढंच सांगा, की तसं बोललो नव्हतो."

आबा म्हणाले, "माज्या तोंडानं काय निगालं त्ये माजं न्हाय. म्हाईत असलं तरी माज्या जिभंवर पुन्यांदा यायाचं न्हाय."

"दादा बुडंल आबा."

आबांचं कातणं आता थांबलं. मग त्यांनी विचारलं, "मल्हारी नेमका कुठं बसलाय?"

"खालच्या अंगाला. चुन्याचे दगड हायत तितं."

"पोरगी?"

"तितंच."

आबांनी लोकर बाजूला ठेवली. उठले, घोंगडं झटकलं, खांद्यावर टाकलं. त्यांच्या दाराशी बांधलेली शेळी सोडून मोकळी केली. मला वाटलं माझ्याशी आता जन्मात बोलणार नाहीत. ते म्हणाले, "लिव."

"काय लिहू?"

"तुला काय लिवायचं त्ये लिव. मला वाचता येत न्हाय."

म्हणून हे लिहितोय. कागद गुडघ्यावर आहे, आबा दारात उभे आहेत, पाठमोरे. घाई कर म्हणत नाहीत, पण एक पाय उंबऱ्याच्या बाहेर आहे. माळावरून नदी दिसते. पात्र रुंद झालंय, पाण्याचा रंग चहासारखा झालाय, मधून झाडं वाहत येतायत, मुळांसकट. तुला खालून फक्त कड दिसत असेल, कड रोज थोडीच सरकते, म्हणून तुला काही वाटत नसेल. वरून वेगळं दिसतं दादा.

आबा कुठं निघालेत ते मी विचारलं नाही. मला कळलंय. ते तुझ्या तळावर येऊन बसणार. 'ऊठ' म्हणणार नाहीत, आणि तू उठेपर्यंत स्वतःही उठणार नाहीत. पाणी आलं तरी. तू त्यांना माझ्यापेक्षा जास्त ओळखतोस.

माझ्यावर विश्वास ठेवू नको, मी तो मागत नाही. तुझ्या टेपरेकॉर्डरमध्ये पण आबा आहेत आणि हे पत्र देणारे पण आबा आहेत. माळावर सुखानं बसलेलं म्हातारं माणूस एवढ्या पाण्यात काठाला का उतरलं, एवढाच विचार कर. वहिनी, हे वाचताना थांबू नका. पोरीला कडेवर घ्या आणि वाचत वाचतच चालायला लागा, हे मागनं येतील. मेंढरं हाकायला वेळ नसला तर नुसती दावी कापा, ती आपसूक उंचावर जातात.

मी तुझ्या नजरेपुढं येणार नाही. आबांच्या मागं येतो आणि तुझ्या तळाच्या वाटेवरच्या ओढ्याच्या अलीकडं थांबतो. ओढ्याला आत्ता मांडीएवढं पाणी आहे. तुम्ही निघालात की पलीकडून हाक मार, मी दोर घेऊन उभा आहे. नावानं हाक मारायची नसेल तर नुसतं 'ए' म्हण.

आबांनी हात पुढं केलाय. पागोटं सोडून त्याच्या घडीत कागद ठेवणार आहेत, भिजू नये म्हणून. आता देतो.